इसार दिला आहेस का?

टिळकवाडी, बेळगाव

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे तुटले ते तसेच राहिले, आणि तुझी आई म्हणते की आता दोघांपैकी कोणीच आधी फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. रागावण्यासाठी लिहीत नाही. हत्तरगीच्या अलीकडच्या त्या जमिनीसाठी शिवामामाच्या नावाने इसार दिला गेला आहे की नाही, एवढेच कळव.

तुझे म्हणणे मला समजले नाही असे नाही. कंपनीला गोदामासाठी महामार्गालगत जागा हवी आहे, ती निवडण्याच्या कामात तू आहेस आणि ठरलेले सर्व्हे नंबर अजून बाहेर कोणाला ठाऊक नाहीत. तेव्हा आधी आपण घ्यावी, मग कंपनीला विकावी, पैसा आपला, जोखीम आपली, यात कोणाचे काय बिघडले, असे तू विचारलेस. ते नंबर कंपनीने तिच्या कामासाठी तुझ्या हाती दिले आहेत, समीर. त्यांवर मिळवलेला नफा तुझा होत नाही. 1872 च्या करार कायद्याच्या 216 व्या कलमाखाली उदाहरणच असे दिले आहे की, मालकाने घर घेण्यास सांगितले, प्रतिनिधीने ‘ते मिळत नाही’ असे कळवून स्वतःच घेतले, तर मालक ते त्याच्याकडून त्याने दिलेल्या किमतीलाच घेऊ शकतो. 1882 च्या न्यास कायद्याचे 88 वे कलमही तेच सांगते. इंग्लंडमध्ये 1966 साली बोर्डमन नावाच्या वकिलाचा निकाल लागला. त्याने न्यासाच्या कामात कळलेल्या माहितीवर स्वतःच्या पैशाने शेअर घेतले, न्यासाचाही फायदा झाला, न्यायाधीशांनी त्याला प्रामाणिक म्हटले, आणि तरीही मेहनतीचा मोबदला वगळता नफा परत करायला लावला. तुझ्या बाबतीत तर कंपनीला चढा भाव मोजावा लागणार आहे. शिवाय पैसा तुझा आणि नाव मामाचे, हा बेनामी व्यवहार होतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षांची कैद आहे आणि जमीन जप्त होते ती वेगळीच. मामाने भाच्याच्या प्रेमापोटी सही केली असेल, तर तोही यात सापडेल. म्हणून विचारतो, इसार दिला आहेस का?

पुन्हा कलमे सांगत बसलो. ताई म्हणते तसे कचेरीचे वळण जात नाही. राग मानू नकोस.

वकीलसाहेबांकडे मी कारकून होतो तेव्हा कोणाची वाटणी अडली आहे, कर्जापायी कोण शेत काढणार आहे, हे सारे माझ्या टेबलावरून जात असे, आणि ते विचारायला दलाल चहा घेऊन येत. तो चहा मी कधी घेतला नाही. तुझी आई त्या वेळी मला हट्टी म्हणायची. शेतकरी कन्नडमधला उतारा वाचून घ्यायला यायचे. शाळा सुटल्यावर तू शेजारी बसून माझ्या आधी अक्षरे लावायचास आणि यल्लूरचे आजोबा म्हणायचे, ‘कारकुनापेक्षा पोरगं हुशार आहे.’ मला त्याचा किती अभिमान वाटायचा हे तुला कधी सांगितले नाही, आणि सांगायची वेळ आली ती अशी. त्या आजोबांसारखाच कोणीतरी आज तुम्हाला जमीन देतो आहे, आणि तिथे कोण येणार हे त्याला ठाऊक नाही. कायदा त्याच्या बाजूने किती उभा राहील ते सोड. मला मात्र रात्री तोच दिसतो.

कंपनीला सारे उघड सांगून तिची संमती घेतली तर कायदा आडवा येत नाही, पण ती संमती तुला मिळेल असे तुलाही वाटत नसावे, नाहीतर मामाचे नाव कशाला? इसार दिला नसेल तर विषय संपला. दिला असेल तर रजिस्ट्री होऊ देऊ नकोस आणि वरिष्ठांना स्वतःहून लेखी कळव. नोकरीवर बेतेल का, याची भीती मलाही आहे. रक्कम बुडाली तर ताईच्या लग्नानंतर उरलेल्या ठेवीतून मी भरून देईन, त्याची चर्चा नको.

मामाशी मी बोलतो. तू त्याला फोन करू नकोस. तो आक्काला सांगेल आणि आक्का साऱ्या शहापूरला.

तुझा,
बाबा