वासाची वही आणि सकाळी अकराची पाहणी

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसांनी एक फोटो असतोच बघा, दहा-बारा जण कागद धरून उभे, मधे एक साहेब, आणि खाली ओळ, प्रदूषणाविरोधात निवेदन सादर. त्यातल्या दोन फोटोंत मी पण आहे, डावीकडनं तिसरा. त्या निवेदनांचं पुढं काय झालं ते मला माहीत आहे म्हणून हे पत्र.

आमचं गाव बेळगावला चिकटून, एका औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला. नाव घालत नाही, कारण गावातली बरीच पोरं तिथंच फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, कामाला आहेत, माझा सख्खा पुतण्या मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला, आहे, त्यामुळं भट्टी बंद करा असं आमच्यात कोण म्हणत नाही आणि मी पण म्हणणार नाही. बेळगावातली कितीतरी घरं फौंड्रीवर उभी राहिलीत. पण रात्री साडेदहा-अकरा वाजले की वास सुरू होतो, जळक्या प्लास्टिकसारखा, घशाला झोंबणारा, पुतण्या म्हणतो तो कोअरच्या, म्हणजे साच्यातल्या गाभ्याच्या, वाळूतलं रेझिन (वाळू चिकटवायचं रसायन) जळल्याचा, ओतकाम सुरू झालं की येणारच. सकाळी तुळशीच्या पानावरनं बोट फिरवलं की बोट काळं. वाळलेली धुणी परत धुवायची हे तर आता बायका तक्रार म्हणून सांगत पण नाहीत. आणि वापरून झालेली काळी वाळू, ट्रॉलीच्या ट्रॉली, कोण कधी टाकून जातंय कळत नाही, नाल्याच्या कडेला ढीग, पहिला वळीव झाला की ती वाहून भाताच्या शेतात.

निवेदन दिल्यावर तपासणीचे साहेब आले. सकाळी अकराला आले. गेटातनं आत गेले, दीडला बाहेर आले, गावात कुणाशी बोलले नाहीत. अकराला भट्टी थंड असते हे गावातल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे. महिन्यानं कागद आला, सगळं मर्यादेत आहे म्हणून. आता ही मर्यादा काय असते ते मी जरा शोधलं, हवेतल्या धुळीची, म्हणजे पीएम १० ची, २००९ च्या राष्ट्रीय मानकात मर्यादा आहे घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, पण ती चोवीस तासांच्या सरासरीवर. म्हणजे रात्रीचे चार तास आम्ही उशी तोंडावर घेऊन काढायचे आणि ते चार तास दिवसाच्या वीस तासांत विरघळून जायचे. धूळ सरासरीत बसली असेल हो, पण वासाचं काय?

मग वही आली. स्त्रीशक्ती संघाच्या बायकांना मी कडलूरचं सांगितलं होतं. तमिळनाडूत कडलूरला सिपकॉट औद्योगिक वसाहतीच्या केमिकल कारखान्यांशेजारच्या गावकऱ्यांनी २००४ च्या सुमाराला कुठला वास कधी येतो ते लिहून ठेवायला सुरुवात केली आणि हवेचे नमुने स्वतः बादलीतल्या पिशवीत धरून तपासून घेतले. आमच्याकडं लॅबला पैसे नाहीत, वही आहे, दोनशे पानी. तारीख, वेळ, वास कसला, वारा कुठनं, घरात कुणाला काय झालं. शेजारची अक्का कन्नडमध्ये लिहिते, आमची मंडळी मराठीत, एकाच पानावर. एक नोंद अशी, "मंगळवार रात्री ११.२०, जळका वास, वारा मावळतीकडनं, बाळ दोनदा उठलं." अडीच महिन्यांची पानं उलटून बघितली तर सुट्टीच्या वारी आणि लाईट गेलेल्या रात्री, म्हणजे भट्टी बंद असते तेव्हा, पान कोरं. यापेक्षा सरळ पुरावा अजून काय द्यायचा सांगा.

आता मुद्दा. १९८१ च्या हवा कायद्यात कलम २६ आहे, चिमणीचा नमुना घ्यायचा असेल तर कारखानदाराला नोटीस द्यायची, त्याच्या नाहीतर त्याच्या माणसाच्या समोर घ्यायचा, सील करायचा, सह्या करायच्या. बरोबरच आहे, त्याच्यावर पण अन्याय नको. पण ज्याच्या नाकात जातंय त्याचं नाव त्या कलमात कुठं नाही. आणि गावच्या दोन माणसांना शेजारी उभं करू नका असं पण कुठं लिहिलेलं नाही! त्याच कायद्याच्या ५१ व्या कलमात परवानग्यांचं रजिस्टर ठेवायला सांगितलंय आणि ज्याला त्रास होतोय तो ते बघू शकतो, हे एका वकील पाहुण्यानं सांगितलं तेव्हा कळलं, इतकी वर्षं कुणी बघितलंच नव्हतं, त्यात चूक आमची पण आहे, आम्ही फोटोत खूश होतो.

भाषेचं पण बोलतो. साहेबांचा कागद कन्नडमध्ये, तो हायस्कूलच्या पोरीकडनं वाचून घ्यावा लागला, कन्नडबद्दल राग नाही, वहीचं अर्धं पान कन्नडच आहे. पण घटनेच्या ३५० व्या कलमानं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, आणि जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत द्यायचं धोरण जुनं आहे. तपासणीचा रिपोर्ट त्यात धरायला काय हरकत?

एका फौंड्रीवाल्यानं मला तोंडावर सांगितलं, मी बॅग फिल्टर, म्हणजे धूर गाळायच्या कापडी पिशव्या, बसवतो हो, पण शेजारचा बसवत नाही आणि त्याला कोण विचारत पण नाही, मग माल मी महाग विकू काय? त्याचं पण खरं आहे. म्हणून डीसी (जिल्हाधिकारी) साहेबांना एवढीच विनंती की एक जोडपाहणी ठरवून द्यावी, महिन्यातनं एकदा, दिवस न सांगता, रात्री. खात्याचा माणूस, कारखान्याचा सुपरवायझर, पंचायतीतले दोघं, संघातल्या दोघी. सगळ्या फौंड्र्या सारख्या तपासा, लहान असो मोठी असो. रिपोर्ट पंचायतीच्या बोर्डावर मराठी-कन्नड दोन्हीत लावायला पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) सांगा. आत काम करणाऱ्या पोरांच्या छातीचे एक्स-रे पण त्याच निमित्तानं काढून घ्या, सिलिकोसिस, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीनं फुफ्फुसाला होणारा रोग, हा कायद्यानं कळवायलाच पाहिजे असा रोग आहे आणि माझा पुतण्या अजून तोंडाला रुमालच बांधून जातो.

तर तपासणीचे साहेब, परत येणार असाल तर रात्री अकरानंतर या. आधी गेटवर जाऊ नका, आमच्या गल्लीत या, देवळाच्या कट्ट्यावर बसू, वही आणि चहा तिथंच ठेवतो.

आपला,
एक वाचक, बेळगाव तालुका