नवं मशीन नको, जाड वायर हवी

गावकरी बंधू-भगिनी आणि मुंबईकर चाकरमानी मंडळी, सप्रेम नमस्कार.

मालवण तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या सुतारशेडमधलं धार लावायचं सामाईक मशीन तापतंय, हे आता गावभर झालंय. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि ३१ जुलैच्या आत फळ्या बदलण्यापासून सगळी डागडुजी उरकायची असते. त्या दिवसांत वाकस, पटाशा, रंध्याची पाती सारखी पाजवावी लागतात. सागवानात मुळातच सिलिका असते, धार टिकतच नाही.

तक्रार ऐकून दोघा-तिघांनी आपण होऊन सांगितलं, "एक हॉर्सपॉवरचं नवं मशीन घेऊन देतो." मनापासून आभार, पण ते पाठवू नका. त्याच वायरवर तेही तापेल, उलट जास्तच.

मंडळाने पुढाकार घेऊन कारण शोधलं ते असं. शेडमध्ये लाकूड कापायचं मशीन सोबत चालू असताना व्होल्टेज मोजलं. मीटरपाशी २१५ होतं, ग्राइंडरपाशी, म्हणजे धारेच्या मशीनपाशी, १९०. मधले २५ व्होल्ट मीटरपासून शेडपर्यंत ओढलेली जुनी बारीक वायर खाते. व्होल्टेज पडलं की कामाचा भार असताना मोटार जास्त करंट ओढते, आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. करपट वास येतो तो वायंडिंगच्या, म्हणजे मोटारीतल्या तारेच्या वेटोळ्यांवरच्या, वॉर्निशचा. नुसत्या चटक्याला मात्र घाबरायचं कारण नाही. चालत्या मोटारीचं अंग साठ-सत्तर अंशांवर जाणं नेहमीचंच, हाताला ते सोसत नाही एवढंच. २३० च्या दहा टक्के खाली, म्हणजे २०७ पर्यंत मोटार निभावून नेते. मीटरपाशी २१५ आहेच, वाटेत ते पडू दिलं नाही की झालं, म्हणून स्टॅबिलायझरही नको. घरचा फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर तर मुळीच आणू नका, सुरू होताना मोटार काही पट करंट ओढते, तो तिथेच बंद पडेल.

बाकीची कामं आम्ही केली. हवेच्या जाळ्यांत भुसा आणि लोखंडाचा कीस मिळून घट्ट थर बसला होता, तो काढला. बंद केल्यावर धारेचा दगड थोडा वेळ फिरत राहण्याऐवजी कुरकुरत थांबायचा, म्हणून बेअरिंग बदलल्या. कपॅसिटरही नवा घातला. मशीनच्या पाटीवर 'एस-२, ३० मिनिटं' असं लिहिलंय. म्हणजे अर्धा तास चालवा आणि पूर्ण गार होऊ द्या. ते कुणी पाळत नव्हतं, आता भिंतीवर लिहिलंय.

दुसरी उष्णता दगडाची आहे, आणि सुतारांचं खरं नुकसान तिच्यातच आहे. आमचा करडा दगड कीस बसून तकतकीत झाला आहे. तो कापत नाही, नुसता घासतो. मग माणूस जोर देतो, आणि पटाशीचं टोक क्षणात निळं पडतं. निळं म्हणजे सुमारे तीनशे अंश, तिथे साध्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंच. तेवढा भाग घासून टाकल्याशिवाय ती धार धरत नाही. आजोबांच्या हातची पटाशी अशी बोटभर आखूड झाली की काय वाटतं ते विचारू नका.

तेव्हा हवं आहे ते एवढंच: तीन तारांची, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण ६० मीटर, ६ इंची, ६० नंबरच्या दाण्याचे पांढरे मऊ दगड दोन, दगड तासायला एक डायमंड ड्रेसर. सगळं मिळून अंदाजे १८,००० रुपये. वायर ओढायला परवानाधारक वायरमन एक दिवस श्रमदानाला आला तर मजुरी वाचेल.

वस्तूही चालतील, पण दगड देताना त्यावर छापलेला वेग पाहा. आमची मोटार मिनिटाला २८५० फेरे घेते, त्याहून कमी वेगाचा दगड तिच्यावर फुटू शकतो. लाकडी मुठीने हलकेच ठोकून खणखणीत वाजला तरच आणा, बद्द आवाज आला तर तडा आहे.

पैसे शेडवर खजिनदारांकडे द्यावेत आणि पावती मागून घ्यावी. वायरचं बिल शेडच्या दाराशी लावलं जाईल. काम मे महिन्यातच व्हायला हवं, पावसात नवी वायर ओढायला कुणी खांबावर चढणार नाही.

आपले,
सुतार कारागीर मंडळ