चि. ओंकारला, तीन हात नाक्यावरच्या होर्डिंगबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की आपलं वाजतंच, म्हणून लिहायला बसले. रविवारी तू मध्येच फोन ठेवलास त्याचा राग नाही. बाबा म्हणाले, "जरा गप्प राहा, तो स्वतःहून करेल." राहिले गप्प. तू काही केला नाहीस.

आधी खोकल्याचं विचारते. बोलताना सारखा अडखळत होतास. सकाळी उठल्यावर जास्त येतो का? कफ पडतो? दिल्लीकडची हवा वाईट, हे मलाही कळतं. बस, एवढंच. यावर पुढे बोलणार नाही.

होर्डिंग पाहिलं. तीन हात नाक्याला सिग्नलवर रिक्षा थांबली आणि समोर जाहिरातीसाठी लिहिलेली तुझी ओळ. बाबांनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन फोटो काढला, बदलापूरच्या ग्रुपवर टाकला. आत्याने देवापुढे साखर ठेवली म्हणे. ओळ चांगली आहे, ओंकार. एकदा वाचली की जिभेवरून जात नाही. माझं दुखणं तेच आहे.

तू म्हणालास, ती वेलचीची जाहिरात आहे, तंबाखूचा त्यात 'त'सुद्धा नाही. बरोबर. २००३ च्या कायद्याने तंबाखूची जाहिरात बंद केली, मग तंबाखूच्या पुडीच्याच नावाची, त्याच रंगाची वेलची दिसायला लागली. चिल्लर किमतीच्या वेलचीला एवढा मोठा नट कोण घेतं रे? हे तुला माझ्याहून जास्त कळतं, तुझा धंदाच तो.

परवा दवाखान्यात एक दहावीतला मुलगा आला होता. तक्रार काय, तर भाजी झोंबते. त्याला म्हटलं, तीन बोटं उभी धर आणि तोंडात घाल. दोन गेली, तिसरं दातांवर अडलं. टॉर्च मारला तर गाल आतून पांढुरका, बोटाला दोरीसारखे पट्टे लागत होते. हे सुपारीने होतं, तंबाखू नसला तरी होतं आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो. त्याची आई म्हणते, "डॉक्टर, तो गुटखा नाही हो खात, नुसता पानमसाला खातो." राज्यात २०१२ पासून दोन्हींवर बंदी आहे. तरी मिळतं. एका पुडीत मसाला, दुसरीत तंबाखू, तळहातावर एकत्र करायचं की झाला गुटखा. त्या बाईला मी काय सांगणार, की त्या नावाची ओळ माझ्या मुलाने लिहिलीय? जबड्याचे व्यायाम दाखवले, सुपारी बंद म्हटलं आणि कळव्याच्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.

झालं माझं लेक्चर सुरू. चुकलं. तू लहान नाहीस.

पण तुझा तो टोमणा मनातून जात नाही, की सिगारेटी आधी डॉक्टरांनीच विकल्या. खरं आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत कॅमल सिगारेटच्या जाहिरातीत पांढऱ्या कोटातला डॉक्टर असायचा, सगळ्यांत जास्त डॉक्टर हीच ओढतात म्हणून. लाज वाटते. पण पुढचंही वाच. १९५० साली लंडनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी हॉस्पिटलांतल्या पेशंटना विचारून सिगारेटचा आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला. डॉल स्वतः ओढायचे, त्या कामातच त्यांनी सोडली. मग १९५१ मध्ये दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच प्रश्न पाठवले. चाळीस हजारांवर उत्तरं आली, आणि त्यातलं कोण कशाने गेलं याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. आमच्याच लोकांच्या मरणांवरून ते पक्कं झालं. १९६२ मध्ये तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सरकारला सांगितलं की जाहिरातींना आवर घाला, मुलांना विकणं थांबवा, कर वाढवा. आपल्याकडे टाटा कॅन्सर हॉस्पिटलचे सर्जन जबडा काढलेल्या पेशंटना सोबत घेऊन मंत्र्यांपुढे उभे राहिले. पाकिटावरचा चित्रासकटचा इशारा २०१६ पासून ८५ टक्के जागेवर आला, तो काही आपोआप नाही.

आमचं काम त्यामानाने फुटकळ. आम्ही चार डॉक्टर टेप घेऊन तुझ्या जुन्या शाळेच्या गेटपासून शंभर यार्ड मोजत होतो, तेव्हा तू व्हिडिओ कॉलवर हसला होतास. मोजायला टेपची गरजच नव्हती, टपरी गेटसमोरच. चॉकलेटच्या बरण्यांना लागून सिगारेटची पाकिटं, तीही पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर. दोरीला बांधलेला लायटर. गळ्यात आयकार्ड घातलेली पोरं एक-एक सुटी घेऊन जातात. सुटी विकायला राज्यात २०२० पासून मनाई आहे, पण ते टपरीवर कोण वाचतंय. तक्रार केली, टपरी हलली, सुट्टी संपल्यावर पुन्हा जागेवर. टपरीवाला म्हणाला, "मॅडम, मलाही पोट आहे." त्याचा राग येत नाही मला. तो नाही शोधत नवीन गिऱ्हाईक, ते त्याच्याकडे आपसूक येतं. आणायचं काम वर, होर्डिंगवर होतं.

तू सात वर्षांचा होतास. सार्वजनिक ठिकाणी ओढायची बंदी २ ऑक्टोबर २००८ ला लागू झाली, शाळेत काहीतरी सांगितलं असणार. खोपटच्या एस.टी. स्टँडवर एका माणसासमोर जाऊन उभा राहिलास, "काका, विझवा, आजपासून मनाई आहे." सगळी रांग बघायला लागली. त्याने हसून खांबावर विझवली आणि थोटूक कानामागे ठेवलं. नाना तुझ्या शेजारी उभे होते, सदऱ्याच्या खिशात बिडीचं बंडल. घरी येईपर्यंत त्यांनी खिशावरचा हात काढला नाही. केवढा अभिमान वाटला होता मला तुझा. नानांची शेवटची वर्षं तूही पाहिलीस. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी फिरवायला तूच लागायचास, बाबांच्या हाताला ती फिरत नसे.

म्हणून विचारते, ऑफिसच्या गच्चीवर कल्पना सुचतात म्हणतोस, तिथे सगळे काय करत असतात? तू नुसताच उभा असतोस ना?

नोकरी सोड असं म्हणत नाही. खरं तर म्हणावंसं वाटतं. नाही म्हणत. घराचा हप्ता तू भरतोस, तेव्हा मी तोंड उघडू नये असं वाटत असेल तर तसं सांग. पण हे काम सोडून दुसरं कुणाचं द्या, एवढं तुझ्या साहेबांकडे मागता येतं का, बघ. साबण, बिस्किटं, काहीही. तितकी चांगली ओळ तू बिस्किटांसाठीही लिहिशील.

दिवाळीचं तिकीट काढलंस का? वेटिंग असेल तर बाबांना सांग, ते इथून बघतील. आणि छातीचा एक्स-रे काढून घे. रिपोर्ट वाचून दाखवू नकोस, फिल्मचाच फोटो पाठव.

तुझी,
आई

ता. क. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. तुझ्या गच्चीवरच्या मित्रांसाठी लिहितेय.