वायर आखूड पडते तेव्हा

सांगली

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, विमान तयार व्हायची तारीख परत पुढे गेली, आणि ती माझ्यामुळे." रात्री झोप लागली नाही. आराखडा तपासताना तुला चूक दिसली, तू ती बोललीस, म्हणून काम थांबलं. यात तुझा दोष कुठे आला गं?

एअरबसच्या ए-३८० विमानाबद्दल मी तेव्हा मिळेल ते वाचायचो, कारण घोटाळा माझ्याच धंद्यातला होता, वायरिंगचा. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर! सांगाड्याचे काही भाग जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे, जोडणी फ्रान्समधल्या तुलूजला. आराखडे काढायचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे कॅटियाच, पण हॅम्बुर्गला चौथी आवृत्ती, तुलूजला पाचवी. एकीकडचा आराखडा दुसरीकडे नीट उतरेना. वायरी ओढायला घेतल्या तेव्हा कळलं, त्या आखूड पडताहेत. त्यात वजन वाचवायला काही वायरी ॲल्युमिनियमच्या. ॲल्युमिनियम तांब्यासारखं घट्ट वळत नाही, बेंड मोठा ठेवावा लागतो. घरात वायर वीतभर कमी पडली तर लोक जोड मारून टेप गुंडाळतात (तेही करू नये, माझ्या हाताखालच्या पोरांना मी करू दिलं नाही). विमानात तसं कसं चालेल? जर्मनीहून शेकडो कामगार तुलूजला गेले आणि सुरुवातीच्या विमानांच्या वायरी हातानं बसवत राहिले.

उशीर तीनदा जाहीर झाला. जून २००५ मध्ये, मग जून २००६ मध्ये, मग त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आणखी एक वर्ष. सिंगापूर एअरलाइन्सला पहिलं विमान मिळालं १५ ऑक्टोबर २००७ रोजी, ठरल्यापेक्षा जवळपास दोन वर्षं उशिरा. मला उशिराचं वाईट वाटलं नाही, हप्त्याहप्त्यानं सांगितल्याचं वाटलं. वायर किती कमी पडतेय हे ओढणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतं. त्याचं म्हणणं वर पोचायला इतके महिने का लागावेत?

तुझ्याकडे ते म्हणणं तू स्वतः वर नेलंस. मला तुझा फार अभिमान वाटतो.

सोमवारी साहेबांना नुसतं तोंडी सांगू नकोस. फरक किती मिलिमीटरचा, कुठल्या फ्रेमपाशी, कधी दिसला, सगळं लिहून दे. नवी तारीख विचारली तर त्यांना बरी वाटेल ती सांगू नकोस. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, नव्यानं बनवून, बसवून, तपासून व्हायला जितके दिवस लागतील तितके एकदमच माग.

तुझे,
बाबा