बाई, फळ्यावरच्या त्या ओळीसाठी

आदरणीय बाई,

हे पत्र उघड लिहितोय, कारण जगातल्या घडामोडींवर बोलायला बसणाऱ्या सांगलीतल्या इतर मंडळांनाही तुमची रीत कळायला हवी.

लाल समुद्रातल्या संकटावर बोलायला तुम्ही घेतलेल्या बैठकीत आवाज चढले, तेव्हा तुम्ही कुणालाच गप्प बसवलं नाहीत. खडू उचललात, तासगावच्या त्या तरुण बागायतदाराचं म्हणणं त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिलंत आणि विचारलंत, "असंच म्हणायचंय ना रे तुला?" त्यानं 'सरकारनं' पुसून 'जहाज कंपन्यांनी' करायला सांगितलं. तुम्ही केलंत, मगच समोरच्याला बोलू दिलंत. आपलं म्हणणं पोचलं, हे दिसताच त्याचा आवाज आपोआप खाली आला.

याआधी गावात झालेल्या व्याख्यानांत हे कुठं होतं? शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, सव्वा तासाचं भाषण आणि प्रश्नांना शेवटची दहा मिनिटं. माइक फिरायचा तोही ओळखीच्यांतच. मनात राहिलेलं मग रात्री व्हॉट्सॲपवर भांडणात निघायचं.

तुमच्याकडे खुर्च्या गोलात. माणसं वीसच्या वर गेली की दोन गट, नाहीतर मागचे नुसते ऐकत बसतात. आधी पंधरा मिनिटं नकाशा: सुएझ कालवा, लाल समुद्राच्या दक्षिण टोकाची बाब-एल-मंदेब सामुद्रधुनी, आफ्रिकेचा वळसा. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांचे लाल समुद्रातल्या जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं केप ऑफ गुड होपवरून वळली आणि युरोपला निघालेल्या द्राक्षांचा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. एवढं समजलं की येमेन लांबचं वाटत नाही. मग प्रत्येकाला दोन मिनिटं. सगळ्यांची पाळी होईपर्यंत कुणालाच दुसरी नाही. फॉरवर्ड वाचायचा तर मूळ बातमी कुठली, तारीख कोणती, हे आधी सांगायचं. म्हणून तर युक्रेन युद्धाबद्दलच्या ठरावावर 'भारतानं व्हेटो वापरला' हा मेसेज तिथंच थांबला. २ मार्च २०२२ चा तो ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतला, भारत तटस्थ राहिला होता. आमसभेत व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, नसतोच. तो सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांकडे असतो.

न पटणाऱ्या माणसाचं म्हणणं काटछाट न करता मांडायला मन मोठं लागतं, बाई. तुमचं बघून आता चार-सहा जण बोलण्याआधी समोरच्याला विचारतात, "तुमचं म्हणणं मला असं कळलं, बरोबर ना?"

मनापासून आभार. तुमचं नियमांचं ते हस्तलिखित पान झेरॉक्स करून मिरजेच्या आणि विट्याच्या मंडळांना द्यायचंय. तेवढी परवानगी द्यावी.

आपले,
बैठकीला येणारे सगळे