लॅपटॉपला ‘दुरुस्ती गुण’ हवेत, पण कंपनीने स्वतःला दिलेले नकोत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाइल आणि टॅब्लेट यांना ‘दुरुस्ती निर्देशांक’ लावावा, अशी शिफारस भरत खेरा समितीने मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाकडे केली. वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ येणार, यावर गुण द्यायचे आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीत व खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दाखवायचे. स्वागतच आहे. पण पहिल्या यादीत संगणक नाहीत, आणि गुण कंपनीने स्वतःच जाहीर करायचे आहेत. दोन्ही गोष्टी खटकतात.

मी शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे दुरुस्तीवाल्याकडे नेहमीची ये-जा. मध्यंतरी एका लॅपटॉपची चार-दोन बटणे बंद पडली. कारागिराने खालचे झाकण काढून दाखवले. कीबोर्डला स्क्रू नव्हतेच, प्लास्टिकचे बारीक खुंट वितळवून तो वरच्या पॅनेलला कायमचा चिकटवलेला. “सर, नुसता कीबोर्ड नाही येणार, अख्खं पॅनेल घ्यावं लागेल.” रॅमही मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. आमच्या लॅबमधले जुने डेस्कटॉप मात्र एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलून, रॅम वाढवून अजून रोज चालतात. हा फरक खरेदीच्या वेळी कुठल्याही कागदावर दिसत नाही.

लॅपटॉप उलटा करून पाहा. खालच्या स्टिकरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी क्रमांक असतो, म्हणजे विद्युत सुरक्षेची चाचणी झालेली. शेजारी काट मारलेली चाकांची कचरापेटी असते, म्हणजे हे घरच्या कचऱ्यात टाकू नका. घ्यायचे कसे आणि टाकायचे कसे हे कळले, मधली वर्षे किती टिकेल याबद्दल अवाक्षर नाही. फ्रिजवर असतात ते बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो) तारे लॅपटॉपसाठी ऐच्छिक आहेत, आणि ते फक्त विजेचे बोलतात. कंपन्यांचेच कार्बन अहवाल वाचले तर लॅपटॉपच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडलेला असतो. तेव्हा तो जास्त वर्षे चालवणे हीच मोठी बचत. (१९९१पासून आपल्याकडे पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी ‘इकोमार्क’ही आहे, चिन्ह मातीचे मडके. २०२४मध्ये त्याचे नवे नियमही आले. संगणकाच्या दुकानात मडक्याची चौकशी केलीत तर दुकानदार कुंभारवाड्याचा रस्ता दाखवेल.)

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दहापैकी दुरुस्ती गुण छापावे लागतात, आणि सुट्या भागांची किंमतही त्यात मोजली जाते. ही बाब कळीची आहे. भाग मिळतो, पण नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीत, तर तो मिळून न मिळाल्यासारखाच.

लेबलला धार येते ती मोठ्या गिऱ्हाइकामुळे. अमेरिकेत ‘ईपीट’ नावाची संगणकांची पर्यावरण नोंदणी आहे आणि सरकारी खरेदी तिच्याकडे पाहून होत आली आहे. २०१२मध्ये अ‍ॅपलने आपली उत्पादने त्यातून काढून घेतली. बॅटरी चिकटवलेला नवा मॅकबुक प्रो तेव्हा नुकताच आला होता. सॅन फ्रान्सिस्को शहराने मॅक घेणार नाही असे सांगताच काही दिवसांत कंपनी परतली. पण पुढची गंमत अशी की, त्याच चिकटवलेल्या लॅपटॉपला ईपीटमध्ये ‘गोल्ड’ दर्जा राहिला. दर्जा कोण ठरवते आणि निकष कसे लावते, याला म्हणून महत्त्व आहे.

वीज वाचवणाऱ्या उपकरणांना अमेरिकेत मिळणाऱ्या ‘एनर्जी स्टार’ चिन्हाचे उदाहरण तर त्याहून बोलके. २०१०मध्ये अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने वीस बनावट उत्पादने प्रमाणपत्रासाठी पाठवली. त्यांपैकी पंधरांना मान्यता मिळाली, आणि त्यात पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळही होते! त्यानंतरच तिथे त्रयस्थ प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची झाली. आपण त्यांचा पहिला धडा पुन्हा गिरवायचे कारण नाही.

बीआयएसमान्य प्रयोगशाळा आजही नोंदणीसाठी लॅपटॉप तपासतात. तिथेच तो उघडायला किती वेळ लागतो, बॅटरी आणि कीबोर्ड साध्या स्क्रूड्रायव्हरने निघतात का, हेही नोंदवता येईल. आणि राष्ट्रीय निर्देशांक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने संगणक खरेदीच्या निविदेत तीन अटी घालाव्यात: रॅम आणि स्टोरेज बदलता येणारे हवे, बॅटरी व कीबोर्ड सुटे मिळायला हवेत, आणि या भागांचे पाच वर्षांचे दर निविदेतच लिहून द्यावेत.

आपला,
एक संगणक शिक्षक, कराड