जन्मवेळ कुणी सांगितली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत न्यूटन, आइनस्टाइन, रामानुजन, पु. ल. देशपांडे आणि डॉ. जयंत नारळीकर यांच्या जन्मपत्रिका पानभर छापल्या आहेत. कुंडल्यांचे रंगीत चौकोन सुरेख आलेत, त्याबद्दल चित्रकाराचं अभिनंदन. लेखकमहाशयांना मात्र एकच विचारायचं आहे. या जन्मवेळा तुम्हाला कुणी सांगितल्या?

हे विचारायचा मला थोडाफार अधिकार आहे. माझी उभी नोकरी सरकारी दवाखान्याच्या प्रसूतिकक्षात गेली. बाळ बाहेर आलं की त्याचं तोंड-नाक पुसायचं, रडलं नाही तर पाठ चोळायची, नाळ बांधून कापायची, वार पूर्ण पडली का ते पाहायचं, बाईला रक्तस्राव किती होतोय त्यावर डोळा ठेवायचा. यातून सवड मिळाली की घड्याळाकडे नजर जाते. मग रजिस्टरात पाच दहा, नाहीतर पाच पंधरा. पाच वाजून तेरा मिनिटांनी जन्मलेलं मूल आमच्या रजिस्टरात शोधून दाखवावं!

त्यात आमच्या मेट्रनबाईंनी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करून ठेवलेलं. ड्युटीवर कुणी उशिरा येऊ नये म्हणून. माझे सासरे पत्रिका मांडायचे, त्यामुळे एवढं कानावर आहे की पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण चार मिनिटांना एक अंश सरकतं आणि नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तेरा-चौदा मिनिटांत बदलतो. म्हणजे तालुक्यातल्या निम्म्याअधिक पोरांचा नवमांश ग्रहांनी नाही, मेट्रनबाईंनी ठरवला.

एकदा एक गृहस्थ मुलीचा जन्मदाखला घेऊन मला शोधत घरी आले. "सिस्टर, वेळ नक्की सहा चाळीसच होती का हो?" मुलीच्या पत्रिकेत आठव्या घरात मंगळ म्हणून दोन ठिकाणांहून पत्रिका परत आलेली. लग्न अगदी राशीच्या सुरुवातीला होतं. गुरुजी म्हणाले, दहा मिनिटं आधीची वेळ निघाली तर लग्नरास मागे जाईल, मंगळ नवव्यात पडेल आणि मुलगी सुटेल. मी म्हटलं, भाऊ, ते घड्याळच दहा मिनिटं पुढे असायचं. माणसाचा चेहरा असा उजळला! लगेच म्हणाले, मग तसं लिहून द्या. आता सरकारी रजिस्टरातली नोंद निवृत्त नर्सच्या चिठ्ठीनं कशी बदलणार? दवाखान्यातही त्यांना तेच सांगितलं. मुलगी तोवर फाटकाबाहेर स्कूटीवर बसून होती. एमएस्सी झालेली, शाळेत विज्ञान शिकवणारी. तिला आत ये म्हणायचंसुद्धा वडिलांना सुचलं नव्हतं. चहा मीच बाहेर नेऊन दिला.

इथे दहा मिनिटांवरून पोरींची लग्नं अडतात, आणि तुमच्या पुरवणीत न्यूटन बिनधास्त २५ डिसेंबर १६४२ ला जन्मतो. ती तारीख इंग्लंडात तेव्हा चालणाऱ्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरनं त्याचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा. दहा दिवसांत चंद्र चार राशींहून जास्त पुढे जातो. संगणकात यातली कुठली तारीख घातली होती? लेखात एक अक्षर नाही. रामानुजन १८८७ चे. भारतीय प्रमाणवेळ लागू झाली १९०६ मध्ये, मग त्यांची वेळ कुठल्या घड्याळाची? पुलं १९१९ मध्ये गावदेवीत जन्मले. मुंबईत तेव्हा प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई टाइमही चालायची, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकून होती. पुलंच्या घरातलं घड्याळ कुठली वेळ दाखवत होतं, हे लेखकाला ठाऊक असेल तर आम्हालाही कळवावं. साधा गावातला ज्योतिषीसुद्धा १९४२ ते १९४५ मधला जन्म असला की युद्धकाळात घड्याळं तासभर पुढे होती का, हे विचारतो. तेवढी काळजी तुमच्या लेखकानं घेतलेली दिसत नाही.

आइनस्टाइनची वेळ तेवढी खरोखर नोंदीतली आहे. १४ मार्च १८७९, उल्म, सकाळी साडेअकरा. (तिथल्या सिस्टरही माझ्यासारख्याच असाव्यात. बरोब्बर साडेअकरा!) या पत्रिकेत बुद्धीचा कारक बुध मीनेत, म्हणजे नीचेचा, ज्योतिषात सगळ्यात दुबळा मानलेला. चंद्र वृश्चिकेत, तोही नीचेचा. नाव झाकून ही पत्रिका दाखवली असती तर लेखक काय म्हणाले असते? नाव माहीत असल्यामुळे लगेच "शेजारी उच्चीचा शुक्र, म्हणून नीचभंग राजयोग" निघाला, म्हणजे दुबळेपणा रद्द. शिवाय बुधादित्य योग, म्हणजे सूर्य आणि बुध एकाच राशीत. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जातच नाही, त्यामुळे ढोबळमानानं निम्म्या जगाच्या पत्रिकेत हे दोघे एकाच राशीत बसलेले असतात. आमच्या गल्लीत मग इतके आइनस्टाइन का नाहीत?

पण खरा संताप आला तो नारळीकरांच्या चौकटीनं. त्यांचा ज्योतिषावरचा अविश्वासही म्हणे पत्रिकेत आधीच दिसत होता! अहो, नाव झाकून पत्रिका दाखवण्याचा प्रयोग याच माणसानं केला होता. २००८ मध्ये त्यांनी, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांनी आणि डॉ. दाभोलकर वगैरे मंडळींनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्यातल्या चाळीस-चाळीस ज्योतिषांकडे पाठवल्या. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. उत्तरं पाठवली २७ जणांनी, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. एका संस्थेनं सगळ्या २०० पाहिल्या, तिची १०२ बरोबर. नाणं उडवूनही याच्या आसपासच येतं. त्यावर ऐकू काय आलं, तर मुलांच्या जन्मवेळा चुकीच्या असतील. न्यूटनची मात्र पक्की! नारळीकर २० मे २०२५ ला गेले. ते असते तर ही चौकट छापायची कुणाची छाती झाली नसती.

ज्योतिषावर लेख छापू नका, असं मी म्हणत नाही. निदान प्रत्येक पत्रिकेखाली जन्मवेळ कुठून घेतली ते छापा. पाश्चात्त्य ज्योतिषी जन्मवेळेच्या खात्रीनुसार पत्रिकांची प्रतवारी करतात, आपल्याकडे तेही नाही.

जाता जाता आणखी एक. आमच्या विदर्भ आवृत्तीत संकष्टीला चंद्रोदय मुंबईचा छापता. वर्ध्याला चंद्र त्याच्या वीसेक मिनिटं आधी उगवतो. माझ्या शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजी मधुमेहाच्या गोळ्या घेतात, तुमच्या पेपरवर त्यांचा विश्वास आहे आणि चंद्र डोक्यावर चढत असताना त्या पेपर हातात धरून ताटावर बसून राहतात. मी दोनदा फोन केला, "जाहिरात विभागाशी बोला" असं सांगण्यात आलं. पाच थोरामोठ्यांचे ग्रह छापायला अख्खं पान मिळतं, मग नागपूर-वर्ध्याच्या चंद्रोदयाला एक ओळ का मिळू नये? पुढच्या संकष्टीपर्यंत तेवढं करावं.

कळावे,
एक निवृत्त परिचारिका, वर्धा